जरी आणि तरी

शास्त्रभाग : हबक्कूक १:१-४, २:१-४, ३:१६-१९. (हा भाग घरातील सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावा, आणि मग पुढील उपदेश वाचावा.)



आपल्या मराठी भाषेत दोन लहान शब्द जोडीने चालतात. ते म्हणजे ‘जरी’ आणि ‘तरी’. ‘जरी पाऊस पडला नाही’ एवढेच बोलून कोणी थांबला, तर ऐकणारा विचारतो, ‘बरे, मग पुढे काय?’ कारण ‘जरी’ने आरंभ केलेले बोलणे ‘तरी’ आल्यावाचून पुरे होत नाही. मनुष्याच्या आयुष्यातील ‘जरी’ बहुधा त्याला विचारून येत नाहीत. दुष्काळ, आजार, कर्ज आणि मरण ही न बोलाविता दाराशी येऊन बसतात. परंतु त्यांच्यापुढे ‘तरी’ म्हणावयाचे की नाही, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. अक्षरओळख नसलेल्या एखाद्या मातेने ‘विश्वास म्हणजे काय?’ असे विचारले, तर तिला लांब व्याख्या सांगण्याचे कारण नाही. देवाकडे पाहून ‘जरी’च्या पुढे ‘तरी’ म्हणणे हाच विश्वास, असे तिला सांगावे. ते तिला समजेल. कदाचित् सांगणाऱ्याहून तिला ते अधिक ठाऊक असेल.

हबक्कूक संदेष्टा ख्रिस्ताच्या जन्मापूर्वी सुमारे सहाशे वर्षे यहूदा देशात होऊन गेला. त्याच्या काळी देशात जुलूम माजला होता, गरिबास न्याय मिळत नव्हता, आणि बाहेरून खास्द्यांची फौज चालून येण्याच्या बेतात होती. त्याचे पुस्तक अवघ्या तीन अध्यायांचे आहे. इतर संदेष्टे लोकांस बोध करून आरंभ करितात. हा देवालाच प्रश्न विचारून आरंभ करितो. मी इतके दिवस ओरडत आहे, तुझ्या कानी ते का पडत नाही, असे तो विचारतो. हे ऐकून कोणी दचकू नये. तो देवाविषयी चारचौघांत कुरकुर करीत नाही, तर आपले गाऱ्हाणे घेऊन थेट देवापुढे जातो. ह्या दोन गोष्टींत फार अंतर आहे. जे लेकरू रडत आईच्या पदराकडे धावते, त्याने आईस सोडले असे कोणी म्हणत नाही.

प्रश्न विचारून झाल्यावर तो काय करितो? पहारेकऱ्याप्रमाणे बुरुजावर चढतो आणि उत्तराची वाट पाहतो. ज्वारी हुरड्यास आली म्हणजे आपण शेतात माळा उभारितो आणि गोफण घेऊन वर बसतो. रात्री थंडी पडते, डोळा लागू पाहतो, तरी राखणदार माळा सोडीत नाही. कारण शेत आपले आहे हे त्यास ठाऊक असते. संदेष्ट्याचे वाट पाहणे ह्याच जातीचे होते. आणि तेथे त्यास जे उत्तर मिळाले ते असे, की देवाने नेमिलेली गोष्ट वेळ लावील, परंतु चुकणार नाही. आणि धार्मिक मनुष्य विश्वासाच्या बळावर जगेल. दुःख केव्हा संपेल हे त्यास सांगितले नाही. ते संपेपर्यंत कशाने जगावे एवढे सांगितले.

आता तिसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे या. तेथे तो एकामागून एक सहा गोष्टी मोजितो : अंजीर, द्राक्षे, जैतून, शेतातील धान्य, मेंढरे आणि गुरेढोरे. त्या देशातील कुटुंबाचे पोट ह्या सहांवर चालत असे, आणि ही सहाही गेली आहेत असे तो धरून चालतो. आपण हीच मोजणी आपल्या गावच्या बोलीत करू. जरी मृग कोरडा गेला आणि पेरलेले बी मातीत जळाले. जरी विहिरीचा तळ दिसू लागला. जरी कडबा संपला आणि हाताने वाढविलेली बैलजोडी बाजारात उभी करावी लागली. जरी शेळ्यांचा वाडा ओस पडला आणि दावणीला एक दोरखंड तेवढे राहिले. जरी कणगीत हात घातला तर तळाला लागू लागला. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. लक्षात घ्या, पुढच्या वर्षी पीक येईल म्हणून आनंद करीन असे तो म्हणत नाही. पाऊस पडण्यापूर्वी, कणगी रिकामी असताच तो हे गीत गातो. त्याचा आनंद पिकात नव्हता, म्हणून पिकाबरोबर तो जळाला नाही.

प्रियजनहो, हे बोलणे सोपे नाही, हे मी जाणतो. ‘तरी’ म्हणावयास आपणांस अडविणाऱ्या तीन गोष्टी आहेत. त्या एकेक पाहू.

पहिली गोष्ट, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बोलणे. घरात मूल तापाने फणफणले आहे, आईचा रात्रभर डोळ्यास डोळा लागलेला नाही, आणि शेजारची म्हातारी आत येऊन हळूच म्हणते, ‘अगं पोरी, तुम्ही घरचे देव सोडलेत, म्हणून हे मागे लागले. अजून वेळ गेली नाही. एक नवस बोल, मी कोणाला सांगायची नाही.’ ती म्हातारी वाईट नाही. तिचा जीव कळवळतो म्हणूनच ती आली आहे. तिच्यावर रागावू नये व तिच्या देवांची निंदाही करू नये. ‘मावशी, तुमची माया मला कळते. पण माझे लेकरू ज्याच्या हाती आहे त्याचा हात सोडून मी कोठे जाऊ?’ एवढेच गोड शब्दांत सांगावे, आणि मुलास उचलून दवाखान्यात न्यावे. औषध घेणे हा विश्वासाचा उणेपणा नव्हे. लूक हा वैद्य होता, आणि पौलाने त्यास प्रिय म्हटले आहे.

परंतु येथे आपण स्वतःच्याही मनाची झडती घेतली पाहिजे. नवस सोडला असे आपण म्हणतो. मात्र पुष्कळांनी नवस सोडलेला नाही, केवळ नवसाचे ठिकाण बदलले आहे. ‘प्रभो, माझी म्हैस जगू दे, मी दर रविवारी उपासनेस येईन,’ ही प्रार्थना नव्हे, हा व्यवहार आहे. असा मनुष्य म्हैस मेली की मंदिरात दिसत नाही. ईयोबाच्या पुस्तकात सैतानाने देवापुढे हाच आरोप केला होता. ह्या मनुष्याच्या पदरी भरपूर पडले आहे म्हणून तो भक्ती करितो. पदर रिकामा करून पाहा, भक्तीही जाईल, असे त्याचे म्हणणे. हा आरोप ऐकण्याची आपणां खेड्यांतील ख्रिस्ती लोकांस सवय आहे. ‘तुमचे वाडवडील दुष्काळात भाकरीसाठी ख्रिस्ती झाले,’ असे आपणांस कितीदा ऐकविले जाते!

ह्याविषयी एक खरी गोष्ट सांगतो. १८७६ ते १८७८ ह्या वर्षांत दख्खन आणि मद्रास इलाखा भयंकर दुष्काळाने पोळून निघाले. तेलुगू मुलुखात ओंगोल येथे जॉन क्लफ नावाचे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होते. त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा काही मैलांचा मक्ता घेतला आणि हजारो भुकेल्यांस मजुरी मिळवून दिली. त्यांपैकी पुष्कळांनी बाप्तिस्मा मागितला. परंतु मजुरीच्या आशेने कोणी येऊ नये म्हणून क्लफसाहेबांनी एक वर्षाहून अधिक काळ बाप्तिस्मे थांबवून ठेविले. पुढे मदतीचे काम ओसरत आल्यावरही लोक मागे हटले नाहीत. आणि १८७८ साली जुलैच्या ३ तारखेस, एकाच दिवशी, २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यांत बहुतेक गावाबाहेर राहणारे, तुच्छ लेखिलेले लोक होते. मनुष्याचे अंतःकरण देवावाचून कोणी पाहू शकत नाही, आणि त्या सर्वांची मने शुद्धच होती असे मी म्हणत नाही. परंतु भूक लागलेला मनुष्य देवाकडे आला तर त्यात लाज कसली? उधळ्या पुत्रास भुकेनेच बापाच्या घराची आठवण करून दिली. प्रश्न आपण भुकेने आलो की काय हा नाही. भूक पुन्हा लागली असता आपण घरात राहतो की नाही, हा आहे. सैतानाच्या आरोपास उत्तर वादाने मिळत नाही. रिकाम्या कणगीजवळ बसून केलेल्या प्रार्थनेने मिळते.

दुसरी गोष्ट अशी, की दुःख आले म्हणजे मन म्हणू लागते, ‘माझे काही पाप असेल, म्हणून देवाने मला मारिले.’ आपण पापी आहो हे खरे, आणि ज्या दुःखाचे कारण आपल्याच दारूत, कर्जात किंवा भांडणात आहे, त्याचा दोष देवावर घालू नये. परंतु प्रत्येक दुःख एखाद्या पापाची शिक्षा आहे, असे शास्त्र शिकवीत नाही. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी विचारिले की पाप ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. तेव्हा प्रभूने दोहोंसही नाही म्हटले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हती, असे त्यानेच सांगितले.

उपदेशक बंधूंनो, हा भाग विशेषेकरून आपणांसाठी आहे. ईयोबाचे तीन मित्र त्याच्या समाचारास आले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. त्यांनी केलेले सर्वांत उत्तम काम तेच. पुढे त्यांनी तोंड उघडिले, आणि त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधू लागले. शेवटी देवाने त्या उपदेशकांवरच ठपका ठेविला आणि ईयोबास त्यांच्यासाठी प्रार्थना करावयास लाविले. म्हणून ज्या घरात मरण झाले आहे तेथे गेल्यावर आधी खाली बसावे. सरपण आहे की नाही, पाणी भरिले आहे की नाही, लेकरांनी काही खाल्ले आहे की नाही, हे पाहावे. स्पष्टीकरण करण्याची घाई करू नये. लाजाराच्या कबरेजवळ, आपण त्यास उठविणार हे ठाऊक असूनही, आपला प्रभू रडला. मग आपण कोरड्या डोळ्यांनी वचने मोजीत का बसावे?

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे, आणि ती कुजबुजीतच बोलली जाते; म्हणून येथे ती उघड बोलितो. कधी कधी दुःखाने मनुष्य इतका थकतो, की आपण मेलेले बरे असे त्यास वाटू लागते. कर्ज फिटत नाही, पीक हाती लागत नाही, आणि रात्री अंधारात एक विचार येऊन उशाशी बसतो. बंधो, हा विचार आला म्हणून तू ख्रिस्ती राहिला नाहीस असे समजू नको. एलीया एवढा मोठा संदेष्टा. तोही रानात एका झुडुपाखाली बसून मरण मागत होता. देवाने काय केले? त्यास धमकाविले नाही. आधी त्यास झोपू दिले. मग दूताने त्यास हलवून जागे केले, तो उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे! तो जेवला, पुन्हा निजला, पुन्हा जेवला. आणि मग पुष्कळ दिवसांनी पर्वतावर देव त्याच्याशी हळू वाणीने बोलला. देवाने आधी भाकर दिली आणि मग बोध केला. म्हणून असा विचार ज्याच्या मनात येत असेल त्याने तो एकट्याने वागवू नये. त्याच रात्री बायकोला, भावाला, पाळकाला किंवा शेजाऱ्याला उठवून सांगावे, दवाखान्यात जावे, त्यात लाज नाही. आणि ज्याला असे सांगितले जाईल त्याने उपदेश न करिता त्याच्याजवळ बसून राहावे, त्यास एकटे सोडू नये. सावकाराचा हिशेब पैशांत होतो. तुझ्या जिवाचा मोल तसा होत नाही. त्याचे मोल ख्रिस्ताने आपल्या रक्ताने भरिले आहे.

आता आपल्याच भाषेच्या, आपल्याच देशातील एका बाईकडे पाहा. पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान व भाविक होते. ते कुटुंबासह तीर्थयात्रा करीत फिरत. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात ह्या कुटुंबाजवळचे सर्व काही संपले. झाडपाला खाऊन त्यांनी दिवस काढिले. प्रथम वडील गेले, मग आई गेली, मग थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी देशभर हिंडले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी विवाह झाला, आणि १८८२ साली पटकीने पती गेला. तेव्हा कडेवरची मुलगी वर्षाचीही झाली नव्हती. पुढे १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला.

विश्वास ठेविला की दुःख टळते असा नियम असता, तर त्या सालानंतर त्यांस सुखच सुख मिळावयास पाहिजे होते. तसे झाले नाही. आप्त दुरावले, लोकनिंदा सोसावी लागली, आणि शारदा सदनातून पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. शेवटी १९२१ च्या जुलै महिन्यात त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई देवाघरी गेली. आणखी नऊ महिन्यांनी, १९२२ च्या एप्रिलच्या ५ तारखेस, रमाबाई स्वतः गेल्या. पण मधल्या काळात काय घडले ते पाहा. १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई तेथे गेली आणि शेकडो निराधार मुलींस घेऊन आली. केडगावचे मुक्तिसदन त्यांनी भरून गेले. तरुणपणी आपण भुकेने काढिलेल्या दिवसांची आठवण त्यांस तेथे घेऊन गेली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. सर्व बायबल सोप्या मराठीत आणावे म्हणून त्यांनी उतारवयात इब्री आणि ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला, आणि मुलीच्या शोकातही ते काम सोडिले नाही.

१८७४ साली देवाने ती भूक का येऊ दिली, हे मी सांगू शकत नाही. आणि जो सांगू पाहील त्यास ईयोबाच्या मित्रांची आठवण द्यावी. परंतु ती भूक वाया गेली नाही, एवढे मी सांगू शकतो. देव ज्या सांत्वनाने आपले सांत्वन करितो, त्याच सांत्वनाने आपण दुसऱ्यांस धीर द्यावा, असे पौल करिंथकरांस लिहितो. ज्याने स्वतः उपाशी दिवस काढिले त्यालाच उपाशी लेकराचा चेहरा लांबून ओळखता येतो.

आणि शेवटी, ज्याच्यावर आपला विश्वास आहे त्याच्याकडे पाहा. गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूने तीन वेळा प्रार्थना केली, की हा प्याला टळावा. प्याला टळला नाही. आपली प्रार्थना ऐकली गेली नाही असे ज्यास वाटते त्याने हे विसरू नये, की त्या वाटेवर त्याच्यापुढे प्रभूची पावले आहेत. वधस्तंभावर तर त्याने, देवाने मला का टाकिले, अशी मोठ्याने हाक मारिली. परंतु त्या हाकेतही त्याने देवास ‘माझा’ म्हटले. तोच त्याचा ‘तरी’ होता. आणि तिसऱ्या दिवशी देवाने आपला ‘तरी’ उच्चारिला : मनुष्यांनी जरी त्यास ठार मारिले, तरी मी त्यास उठविले आहे. आपला ‘तरी’ दुबळा आहे. तो तापात, भुकेत, रात्रीच्या अंधारात लटपटतो. पण तो देवाच्या ‘तरी’ला धरून उभा आहे. आपण जरी पापी होतो, तरी त्याने आपणांवर प्रीती केली. तो आधी बोलिला आहे. आपण केवळ त्याच्यामागून म्हणावयाचे आहे.

तर येत्या आठवड्यात चार गोष्टी करा. तुमच्या मनात देवाविषयी जे गाऱ्हाणे आहे ते त्यालाच सांगा, गावभर सांगू नका. दुःखाच्या दिवसांत मंडळीतून दूर राहू नका. थोमा त्या संध्याकाळी इतरांबरोबर नव्हता, म्हणून त्याचे आठ दिवस शंकेत गेले. घरी कितीही थोडे असले तरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढा, आणि आपल्याहून गरीब असेल त्याला, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, नेऊन द्या. आणि ज्याच्या घरी दुःख आहे त्याच्याकडे जाऊन बसा. बोलावयास काही सुचले नाही तरी जा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमच्या ओठांवर पुष्कळ ‘जरी’ आहेत, ते तू मोजिले आहेस. आमचा विश्वास थोडा आहे. तो आम्ही तुझ्यापुढे ठेवितो. पाऊस दे, आणि देशील तेव्हा आम्ही तुझे उपकार मानू. परंतु तू थांबलास, तरी आम्हांस तुझ्या दारातून जाऊ देऊ नको. जे आज रडत आहेत त्यांच्याजवळ बस, आणि आम्हांसही बसावयास पाठीव. ज्याने आमच्यासाठी प्याला घेतला त्या प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.